आधी रिकाम्या हातानं जाऊन या : मंडळीतून सेवा सुरू करायची तर कशी

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, सत्तर ब्लँकेटं वाटली. मोठ्या दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईक जिथं चादर पसरून झोपतात तिथं. बॅनर लावला, पाळक साहेबांनी प्रार्थना केली, तरुण संघाच्या पोरांनी फोटो काढले, सगळं झकास. मी खजिनदार म्हणून यादी घेऊन सह्या-अंगठे गोळा करत फिरत होते तर एक म्हातारी, विजापूरकडची असावी, मोडक्या मराठीत मला म्हणाली, "बाई, ब्लँकेट तीन झाली माझ्याकडं. मोबाईल चार्ज करून मिळंल का? दोन दिवस झाले गावाकडं फोन नाही." आदल्या आठवड्यात एक गणेश मंडळ येऊन गेलेलं, त्याच्या आधी एक पतसंस्था, आणि डिसेंबर म्हटलं की सगळ्यांना ब्लँकेटच सुचतं. मी हसून पुढं गेले, यादी पूर्ण करायची होती ना. रात्री जेवताना नवऱ्याला हा किस्सा सांगितला तर तो म्हणाला, मग, दिलास का चार्ज करून?

नव्हता दिला.

तेव्हापासून आम्ही जे करतोय, चुकतोय, परत करतोय, ते इथं सविस्तर लिहितेय, कारण बऱ्याच मंडळ्यांतून विचारणा होते की "ताई, आम्हालापण काहीतरी सेवा सुरू करायची आहे, कुठून सुरुवात करू". आमचा भाग सांगली-कोल्हापूरकडचा, दवाखान्यांचा. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन दवाखाना उघडला तेव्हापासून कर्नाटकातून पेशंट घेऊन लोक इकडं येतात, त्यामुळं आमची उदाहरणं दवाखान्याचीच येतील. तुमच्याकडं ऊसतोड कामगार असतील, वृद्ध असतील, वसतिगृहातली पोरं असतील, पद्धत फारशी बदलत नाही.

आधी आपल्याकडं काय आहे ते वहीत उतरवा

आशीर्वाद म्हटलं की आपल्याकडं लगेच साक्ष सुरू होते, प्रभूनं नोकरी दिली, घर दिलं, मुलाला ॲडमिशन मिळाली. छान आहे, उपकारस्तुती झालीच पाहिजे. पण अब्राहामाला देव आशीर्वाद देतो त्याच दमात सांगतो की तू इतरांना आशीर्वाद हो, बायबलात उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात बघा, एकाच वाक्यात दोन्ही आहे. आणि येशूचा शिष्य पेत्र पहिल्या पत्रात शब्द वापरतो कारभारी. कारभाऱ्याचं स्वतःचं काही नसतं, मालकाचं असतं, आणि त्याला हिशोब द्यावा लागतो. मी खजिनदार असल्यानं हा शब्द मला फार पटतो.

तर एका रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळेला वही घेऊन बसा आणि प्रत्येकाला विचारा. पैसे किती देणार हे विचारू नका, ते शेवटी. विचारायचं असं : आठवड्यातला कुठला तास मोकळा असतो, हाताला काय येतं, घरात काय पडून आहे, कोणाकोणाशी ओळख आहे. आमच्या वहीत जे निघालं ते बघून आम्हीच चाट पडलो. एक अण्णा तलाठी म्हणून रिटायर झालेले, त्यांना कुठल्या दाखल्याला कुठला कागद लागतो हे झोपेत विचारलं तरी सांगतील. एका सुनेचं माहेर बेळगावकडचं, तिला कन्नड येतं, आणि दवाखान्यात निम्मे नातेवाईक कन्नड बोलणारे! ही मुलगी पाच वर्षं मंडळीत फक्त फुलं सजवत होती. एकाची रिक्षा, एकीकडं लग्नात मिळालेला वीस लिटरचा स्टीलचा जार, कधी न वापरलेला. एक आजी म्हणाल्या माझ्याकडं काहीच नाही गं, मला चालवत नाही, मी काय करणार. मग कळलं त्यांना पहाटे चारला जाग येते आणि नंतर झोप नाही. आज आमच्या सगळ्या स्वयंसेवकांना पहाटे उठवायचा फोन त्याच करतात, एकही दिवस चुकलेल्या नाहीत.

पेत्र आणि योहान मंदिराच्या दाराशी त्या पांगळ्याला भेटतात तेव्हा पेत्र सांगतो की सोनं-रुपं माझ्याकडं नाही, जे आहे ते देतो. आपल्याकडं मंडळ्या नेमकं उलटं करतात. जे नाही त्याची, म्हणजे फंडाची, वाट बघत बसतात आणि जे आहे ते खुर्चीवर बसून असतं.

मग रिकाम्या हातानं जाऊन या. तीनदा.

हे सगळ्यात अवघड आहे कारण काहीतरी घेऊन गेलो की आपल्याला बरं वाटतं. रिकाम्या हातानं गेलं की ओशाळल्यासारखं होतं, लोक विचारतात काय वाटताय, आणि आपण म्हणायचं काही नाही, बसायला आलो. पण येशूनं बार्तीमयाला काय विचारलं ते मार्कच्या दहाव्या अध्यायात वाचा. माणूस आंधळा आहे, रस्त्याच्या कडेला ओरडतोय, त्याला काय हवं हे शेंबड्या पोराला कळेल, तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? ज्याला सगळं ठाऊक त्यानं विचारलं, आणि आपण न विचारता ब्लँकेटं नेतो.

जाताना वेळ बदला. एकदा सकाळी सहाला जा, एकदा दुपारी राउंड संपल्यावर, एकदा रात्री नवाच्या पुढं, कारण सकाळची अडचण वेगळी आणि रात्रीची वेगळी. "तुम्हाला काय पाहिजे" असं सरळ विचारलं तर लोक पैसेच म्हणतात किंवा लाजून काही नको म्हणतात. त्यापेक्षा विचारा, काल रात्री कसं गेलं? इथं येऊन सगळ्यात जास्त धावपळ कशासाठी झाली? आंघोळीचं कसं करता? गावाकडं पोरं कोण बघतंय? आणि बाकी ऐका. सल्ला देऊ नका, वचन सांगू नका, माझ्या चुलत सासऱ्यांना पण असंच झालं होतं हे तर मुळीच सांगू नका.

आम्हाला तीन फेऱ्यांत जे कळलं त्यात जेवण पाचव्या-सहाव्या नंबरला होतं. दुपारचं जेवण कोणी ना कोणी वाटतंच. नव्हतं ते काय? सकाळी सहा ते आठ पोटात घालायला गरम काहीतरी, कारण चहा सोडला तर काही मिळत नाही आणि नुसत्या चहानं पित्त होतं. फोन चार्जिंग. कागदपत्रं, म्हणजे कुठल्या खिडकीवर काय द्यायचं. आणि एकट्या आलेल्या बायकांची अडचण, पेशंटला सोडून बाथरूमला तरी कसं जायचं. एक बाई दोन दिवस पाणीच कमी पीत होती, का तर उठून जावं लागू नये म्हणून. हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. पहिल्या फेरीत ती "सगळं बरं आहे" म्हणाली होती.

एक काम, एक जागा, एक वार

इथं बहुतेक मंडळ्या फसतात. उत्साह इतका असतो की पहिल्याच मीटिंगमध्ये फूड, मेडिकल कॅम्प, शिकवणी आणि व्यसनमुक्ती असं सगळं ठरतं, चार कमिट्या होतात, आणि ईस्टरपर्यंत फक्त व्हॉट्सॲप ग्रुप उरतो ज्यावर गुड मॉर्निंग येत राहतं. आम्ही ठरवलं फक्त शनिवार, फक्त सकाळी साडेसहा ते आठ, फक्त पेज. सहा आठवडे करून बघायचं आणि मग थांबून बोलायचं, चालू ठेवायचं की बंद करायचं. बंद करायची मोकळीक आधीच दिली की लोक हो म्हणायला घाबरत नाहीत.

'प्रेषितांची कृत्ये'च्या सहाव्या अध्यायातली गोष्ट काढून ठेवा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय अशी कुरकूर झाली, म्हणजे पहिल्या मंडळीतही वाटपावरून भांडण होतंच, तर आपलं काय घेऊन बसलात. त्यांनी काय केलं? प्रार्थना केली, हात ठेवले, पण त्याआधी सात माणसं नावानिशी नेमली आणि काम त्यांच्याकडं सोपवलं. आणि ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच वाटतील अशी ती सातही नावं ग्रीक आहेत. आमची कन्नड बोलणारी सून पेजेच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून पुढं उभी आहे ती यामुळंच. खरं तर ही आयडिया तिचीच, मी नंतर वचन शोधलं.

माणसं, जोडी आणि सुट्टी

कोणीही एकट्यानं जायचं नाही. येशूनं शिष्यांना दोघं-दोघं करून पाठवलं, आणि कॅथलिक भावंडांच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम, जे १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी सुरू केलं, तिथंही घरभेटीला जोडीनंच जायची पद्धत आहे. जोडीचा फायदा म्हणजे एक बोलतो, दुसरा ऐकतो, पैशाचा किंवा चारित्र्याचा विषय निघाला तर साक्षीदार असतो, आणि एक जण रडवेला झाला तर दुसरा गाडी चालवतो. लहान मुलांसोबत काम असेल तर नियम अजून कडक करा, बंद खोलीत एकटं कोणी मोठं माणूस आणि मूल नको, मग तो माणूस पाळक असो की पंच. यात कुणाचा अपमान नाही.

ड्युटीचं वेळापत्रक असं करा की कोणाचीही पाळी महिन्यातून दोनदापेक्षा जास्त येणार नाही. आम्ही पहिले तीन महिने तेच पाच जण दर शनिवारी जात होतो, खूप पवित्र वाटायचं, आणि मग एका शनिवारी मी आणि आमची सेक्रेटरी दवाखान्याच्या गेटवर सगळ्यांसमोर भांडलो. कारण काय तर मीठ कोणी आणायचं होतं. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो मोशेला सांगतो की हे बरं नाही, तू थकशील आणि लोकही थकतील, कामं वाटून दे. सासऱ्यांचं ऐकलं मोशेनं! आम्हीही मग वीस जणांत वाटून घेतलं.

पेजेची गोष्ट जरा सविस्तर

एक किलो तांदळाची कणी, दहा लिटर पाणी, त्यात साधारण चाळीस ग्लास होतात. अख्ख्या तांदळापेक्षा कणी लवकर शिजते आणि स्वस्त पडते. मीठ शेवटी, जिरं तुपात तडतडवून वरून, तिखट नाही, लसूण नाही. सुरुवातीला हौसेनं आम्ही चिकन घातलं होतं, पौष्टिक म्हणून. शनिवार. निम्म्या लोकांचा शनिवार असतो हे आमच्या डोक्यातच आलं नाही, लोक ग्लास हातात घेऊन विचारायचे यात काय आहे आणि परत ठेवायचे. एक काका मात्र शांतपणे म्हणाले, ताई, तुमच्या मनात काही नाही हे कळतं, पण विचारायचं होतं ना. परत तेच, विचारायचं. तेव्हापासून साधी पेज, आणि ज्यांना साखर आहे त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यात ताकातली नाचणीची आंबील, गूळ न घालता. पेजेनं साखर पटकन वाढते, म्हणून तेवढं सांगून द्यायचं.

आणि एक नियम, पेज नातेवाईकांना. पेशंटला थेंबही द्यायचा नाही, वॉर्डातल्या सिस्टरना विचारल्याशिवाय. कोणाचं ऑपरेशन असतं, उपाशी ठेवलेलं असतं, आणि आई म्हणते दोन घोट दे की, आणि आपल्याला नाही म्हणवत नाही. नाही म्हणायचं. भूल देताना पोटात काही असेल तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते, हे सगळ्या स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगा.

पहाटे पाचला शिजवा, सातपर्यंत वाटपाला लागा, दोन तासांच्या वर भात-पेज कोमट ठेवू नका, उरलं तर परत आणून "दुपारी गरम करू" असं काही नाही. म्हणूनच कमी करा. पहिल्या महिन्यात संपलं तरी चालेल, उरायला नको. येशूनं पाच भाकरींच्या वेळी उरलेले तुकडे गोळा करायला सांगितलं, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि तो तर हवं तेवढं परत करू शकत होता. नियमित वाटप करणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्यात नफा नसलेलं कामही धरतात, त्यामुळं नोंदणी करून घ्या आणि दवाखान्याच्या ऑफिसची लेखी परवानगी फाईलला लावा. आम्ही परवानगी तोंडी घेतली होती, साहेब बदलले, नवीन साहेब म्हणाले तुम्ही कोण. दोन शनिवार गेटबाहेर उभं राहून वाटलं.

कागद

माझ्या मते मंडळी देऊ शकेल अशी सगळ्यात मोठी सेवा कागदाची आहे, आणि तीच कोणी करत नाही कारण तिचे फोटो चांगले येत नाहीत. आमचे तलाठी अण्णा शनिवारी पेजेच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतात, पुढं पेन, स्टेपलर, दोन-चार कोरे अर्ज. त्यांच्याकडं येणारी रांग पेजेच्या रांगेपेक्षा लांब असते.

तुमच्यातल्या दोघांना हे तरी माहीत पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, ज्या दवाखान्यात योजना आहे तिथं आरोग्यमित्राचा काउंटर असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट होतानाच त्याला भेटायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. ट्रस्टचे जे मोठे धर्मादाय दवाखाने आहेत त्यांना कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा विभागात विचारायचं, उत्पन्नाचा दाखला लागतो. हे कित्येकांना माहीतच नसतं, घरची म्हैस विकून येतात. नवरा गेलेल्या गरीब बाईला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात, अर्ज तहसीलला, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासी, आधार, पासबुक. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, यातच निम्मे अर्ज अडकतात, म्हणून अण्णा पहिलं ते बघतात.

रक्त हाही कागदाचाच भाग समजा. मंडळीतल्यांच्या रक्तगटाची यादी, फोन नंबर आणि शेवटचं कधी दिलं ती तारीख. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनी. यादी ग्रुपवर टाकू नका, एकाकडं ठेवा, नाहीतर एकाच ओ निगेटिव्हवाल्या पोराला रात्री दोनला आठ फोन येतात. आमच्याकडं आले.

पैसा

आता माझा विषय. पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली तेव्हा त्या कामाला तीताबरोबर आणखी भाऊ पाठवले, आणि २ करिंथच्या आठव्यात कारणही लिहिलंय, या मोठ्या दानाच्या बाबतीत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, देवापुढंच नाही तर माणसांपुढंही नीट दिसावं. प्रेषित पौलाला हिशोबाला सोबत लागते, आणि आपल्याकडं "विश्वासाचं काम आहे, पावती कशाला".

पावती करा. कोणाच्या खाजगी गूगल पे वर पैसे घेऊ नका, मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात घ्या, दोन सह्यांशिवाय काढू नका, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च नोटीस बोर्डावर लावा, कणी किती, गॅस किती, रिक्षा किती. मी पहिल्यांदा लावला तेव्हा एका पंचांना राग आला, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. सहा महिन्यांनी तेच पाहुण्यांना तो कागद दाखवत होते. बाहेरून पैसे येणार असतील तर जरा दमानं घ्या, परदेशी पासपोर्ट असलेल्या भाच्यानं कितीही प्रेमानं पाठवले तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत, नंतर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा भाग, तोडून यात घालायचा का हे नेहमी विचारतात. मी म्हणते नको, हे वेगळं असू दे आणि छोटं असू दे. मिझोराममधल्या मंडळ्यांत शंभर वर्षांहून जास्त काळ बायका बुहफाई थाम करतात, म्हणजे प्रत्येक वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा, तो गोळा होऊन मंडळीच्या कामाला जातो, आणि त्यावर त्यांचं केवढं मोठं मिशनचं काम उभं आहे. आमच्या महिला मंडळानं तेच धरलं, प्रत्येक घरी एक डबा, रोज एक मूठ. महिन्याला कणी विकत घ्यावी लागत नाही आता, निम्मी तरी नाही. तांदूळ सगळ्या जातीचे मिसळतात त्यामुळं पेज कधी चिकट कधी पातळ होते, पण कोणी तक्रार केली नाही.

बॅनर, फोटो आणि प्रार्थना

यावर आमच्यात बरेच वाद झाले, अजून होतात. माझं मत सांगते. पेजेच्या ग्लासबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नका. आधी प्रार्थना मग पेज असं तर चुकूनही नको. माणूस भुकेला आहे, त्याला नाही म्हणायची सोय नाही, अशा वेळी त्याच्यापुढं काहीही ठेवलं तरी तो हो म्हणेल, आणि ते हो आपल्या काय कामाचं? दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला, येशूनं विचारलं नऊ कुठं आहेत, पण त्या नवांचं बरेपण काढून घेतलं नाही. शिवाय दिवस असे आहेत की कोणी काय व्हिडिओ काढेल सांगता येत नाही, पण मला विचाराल तर भीतीपेक्षा पहिलं कारण मोठं आहे.

कोणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर सरळ सांगा. आम्ही ख्रिस्ती आहोत, प्रभूनं आम्हाला दिलं म्हणून. एवढंच. लपवायचंही नाही. कोणी स्वतः म्हणालं माझ्या पोरासाठी प्रार्थना करा तर तिथंच करा, दोन वाक्यांत, हळू आवाजात, शेजारच्या पेशंटला झोप लागलेली असते. नाव वहीत लिहून घ्या आणि पुढच्या शनिवारी त्या नावानं चौकशी करा.

फोटो आम्ही बंद केले. मंडळीत दाखवायला पातेल्याचा फोटो काढतो. मत्तय सहामध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं आहे आणि पाचव्यात तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या असं, तरुण संघाची पोरं मला पाचवा दाखवतात आणि मी त्यांना सहावा.

फसवणूक, कंटाळा आणि सोडून देणं

लोक फसवतील. एक जण चार महिने दर शनिवारी नवीन पेशंटचा नातेवाईक होता, कधी भाऊ कधी मामा, गोळ्यांचे पैसे मागायचा. म्हणून रोख पैसे कधीच द्यायचे नाहीत, चिठ्ठी घेऊन मेडिकलला आपण जायचं आणि बिल पेशंटच्या नावानं. त्याला पेज मात्र देत राहिलो, भूक तर खरी होती.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पंडिता रमाबाईंनी. दुष्काळात स्वतःचे आई-वडील उपासमारीनं गेलेले बघितलेली ही बाई, १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आली. जेवू घातलं आणि तिथंच थांबली का? शाळा काढली, छापखाना काढला, विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, अंध मुलींना ब्रेल, म्हणजे उद्या कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये. मुक्ती मिशन दौंड तालुक्यात आजही चालू आहे, जाऊन बघा. आम्ही पेजेवाले, आमच्याकडं माणूस आठ-दहा दिवस असतो, आम्ही काय शिकवणार. पण एवढं सुरू केलं की दुसऱ्या शनिवारीही दिसलेल्या नातेवाइकाला म्हणायचं, या की टेबलामागं, ग्लास धुवायला हात लावता का? पहिल्यांदा आमच्याच बायकांना ते बरं वाटलं नाही, दुःखातल्या माणसाला कामाला लावायचं. पण लोकांना आवडतं. दवाखान्यात दिवसभर नुसतं बसून, कोणी काही विचारत नाही, सगळे ओरडतात फक्त, आणि इथं कोणीतरी म्हणतं तुमची मदत लागेल.

आणि सगळं आपणच करायचं नसतं. लूकच्या दहाव्यातला शोमरोनी त्या जखमी माणसाला तेल-द्राक्षारस लावतो, स्वतःच्या जनावरावर बसवतो, एक रात्र काढतो, आणि दुसऱ्या दिवशी? उतारशाळेवाल्याला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, देऊन आपल्या कामाला निघून जातो, जास्त लागलं तर परतताना देईन म्हणून. तो तिथं दवाखाना काढत बसला नाही. तुमच्या भागातले उतारशाळेवाले शोधून ठेवा. व्यसनमुक्तीला कोण, रस्त्यावर सापडलेल्या मुलासाठी १०९८, म्हाताऱ्या माणसांच्या अडचणीला १४५६७, हे नंबर टेबलाला चिकटवून ठेवा.

पहिल्या शनिवारी जाताना पिशवीत काय न्यायचं तेवढं सांगते. सॅनिटायझर, कपडा दोन, मार्कर, कोरे कागद, स्टेपलर, कचऱ्याची मोठी पिशवी, सुट्टे पैसे, वही. आणि एक्स्टेन्शन बोर्ड, लांब वायरचा, त्याला तिन्ही प्रकारच्या चार्जिंगच्या केबली, कारण बटणाच्या जुन्या फोनची पिन आता कुणाकडं मिळत नाही आणि म्हाताऱ्यांकडं तोच फोन असतो. वॉर्डातल्या प्लगला हात लावायचा नाही, तिथं मशिनी लागतात. आम्ही गेटबाहेरच्या चहावाल्याला सकाळचे पन्नास रुपये देतो, त्याच्या टपरीतून वायर घेतो. प्रत्येक फोनला चिकटपट्टी लावून नाव आणि वॉर्ड नंबर लिहायचा, एक जण तिथून हलायचं नाही. आमच्याकडं ती ड्युटी माझ्या नवऱ्याची आहे.